सयाजी हॉस्पिटलच्या सुरक्षा क्लिनिकला जायचंय पण लाज वाटतेय? आधी हे वाचा

आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत गुप्तरोगांच्या विषयावर कुणी तोंड उघडत नाही, म्हणून मी लिहितेय. खाज, जळजळ, जखम, अंगावरून पांढरं जाणं, लघवीच्या जागेतून पू येणं, यातलं काहीही असलं तर भिंतींवर जाहिराती रंगवणाऱ्या गॅरंटीवाल्यांकडे जाऊ नका आणि मेडिकलमधून क्रीम आणून महिनाभर चोळत बसू नका. सरकारी सुरक्षा क्लिनिकला, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्याला जा, तिथे तपासणी, सल्ला आणि औषध सगळं फुकट आहे.

लोकांना वाटतं तिथे फक्त धंदा करणाऱ्या बायका आणि ट्रकवाले येतात. तेही येतात आणि त्यांनी यावंच, पण बाकी दोन मुलांची आई येते, नवीन लग्न झालेलं जोडपं येतं, होस्टेलची मुलं येतात, बायकोच्या गरोदरपणातल्या तपासणीत व्हीडीआरएल (सिफिलिस या गुप्तरोगाची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून नवरा येतो. कारण फक्त पैसे नाही हो, दांडिया बाजारात फॅमिली डॉक्टर आपल्या आत्याला ओळखतो, त्याला काय सांगणार? मोठ्या दवाखान्यात कुणी कुणाचं नसतं, ते बरं पडतं.

आता जायचं कसं. सकाळी लवकर जा, केसबारीवर, म्हणजे केस पेपरच्या खिडकीवर, केस काढा, ‘चामडीचा विभाग’ एवढंच म्हटलं तरी चालतं, खिडकीवर सगळं सांगायची गरज नाही. बायकांना गायनॅकला गेलं तरी चालतं. आत समुपदेशक असतात, त्या संबंधांबद्दल सरळ विचारतील, शेवटचा कधी, निरोध वापरला का, जोडीदार किती. इथे खोटं बोलू नका प्लीज, औषध त्यावरच ठरतं. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल किंवा दिवस गेले असतील तर आधीच सांगा.

लक्षणं बघून बरेचदा त्याच दिवशी औषध देतात, रिपोर्टची वाट बघत नाहीत. औषधांच्या किटची रंगीत पाकिटं असतात, योनीतून स्राव असेल तर हिरवं, पुरुषाच्या लघवीच्या जागेतून पू असेल तर राखाडी, पेनिसिलिनच्या ॲलर्जीवाल्यांना जखमेसाठी निळं. रंग बघून शेजारणीचं पाकीट उचलून घेऊ नका, तिचा त्रास वेगळा असतो. सोबत एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी सुचवतात, करूनच घ्या, सिफिलिस वेळेत कळला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि रिपोर्ट गुप्त ठेवायचा असतो, 2017 चा कायदाच आहे तसा.

एक गोष्ट मात्र घाईची. निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली आणि एचआयव्हीची भीती असेल तर सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका, इमर्जन्सीत जा, त्याची गोळी 72 तासांच्या आत सुरू व्हायला लागते, जितकी लवकर तितकी चांगली, आणि पुढे 28 दिवस घ्यायची असते.

आणि जोडीदाराला घेऊन जा. एकट्या बाईने औषध घेतलं आणि नवरा ‘मला काही होत नाही’ म्हणून घरी बसला की बरेचदा तिला तेच परत होतं. दोघांचा कोर्स पूर्ण होईपर्यंत संबंध टाळा. त्याच्याशी कसं बोलायचं तेच सुचत नसेल तर 1097 ला फोन लावा, टोल फ्री आहे, एड्सचं नाव असलं तरी या त्रासांबद्दलही तिथे बोलता येतं.