धोकटीतलं पोलाद: जुने वस्तरे कसे जमवावेत

जुने वस्तरे जमवायचे असतील तर काय घ्यायचं नाही ते आधी ठरवा. इंग्लंडचं शेफील्ड, जर्मनीचं सोलिंगेन, स्वीडनचं एस्किलस्टूना, जपानी कामिसोरी म्हणजे तिकडचा वस्तरा, सगळंच हवं म्हणालात तर ट्रंक भरेल, संग्रह होणार नाही. मी जालन्याचा, सळईच्या कारखान्यात माल तपासतो, त्यामुळं पोलादाचा नाद आधीपासूनचा. माझा नेम सोपा आहे. ज्या वस्तऱ्यानं मराठवाड्यात कुणाची तरी दाढी केलीय तोच घ्यायचा, मग तो कुठंही घडलेला असो.

शोध सलूनपासून सुरू करा, भंगारवाल्यापासून नको. १९९०च्या दशकात एड्सची धास्ती पसरली, अर्धं ब्लेड बदलायचे वस्तरे आले आणि घडीचे जुने वस्तरे धोकटीसकट, म्हणजे न्हाव्याच्या हत्यारांच्या पिशवीसकट, माळ्यावर गेले. ते अजून तिथंच आहेत. मनमाड-हैदराबाद रेल्वे १९०० च्या सुमारास झाली. तिच्या काठानं परतूर, सेलू, मानवत या भागात विलायती माल जास्त सापडतो, असा माझा अनुभव. छत्रपती संभाजीनगरची छावणी आणि माळेगावची यात्राही सोडू नका, पण तिथं वस्तरा मिळतो, त्याच्यामागचं घर मिळत नाही.

विचारायची रीत असते. आधी दाढी करून घ्या, चहा होऊ द्या, मग म्हणा, "मामा, जुनी धोकटी असंल ना घरी?" उत्तर बहुतेक ठरलेलं: "हाय की, आज्याची. तुम्ही काय करता तिला?" खरं सांगा. खंडेनवमीला धोकटीची पूजा होते, त्या दिवशी वस्तरे बघायला मिळतात, पण त्या दिवशी किमतीची गोष्ट काढायची नाही. आणि बलुत्यावर गावाच्या दाढ्या केलेल्या माणसाशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यानं हा छंद करूच नये. नाही म्हणाले तर फोटो काढायची परवानगी मागा आणि निघा.

हातात आल्यावर प्रथम पातं उजेडात धरा. धारेची रेघ सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली चालते. मध्ये आत गेलेली असेल तर कुणीतरी वेडंवाकडं घासलंय. मग पाठ बघा. वस्तरा निसण्यावर आडवा ठेवला की पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, म्हणजे पाठीच्या जाडीवरच धारेचा कोन ठरतो. वापरात दोन्ही मिळून झिजतात, म्हणून पाठीवर दोन्ही अंगांना चपटे पट्टे दिसतात. ते सारख्या रुंदीचे असतील तर धार लावणारा हात चांगला होता. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला बारीक असतील तर पातं पिळलेलं असू शकतं. काचेवर ठेवून डुगडुगतं का बघा. शेवटी पातं उघडं धरून नखानं टिचकी मारा. चांगल्या पात्याला बारीक नाद असतो. आवाज बोदा आला तर भिंगाखाली चीर शोधा.

रंगाकडं मात्र माझ्या धंद्यातल्या माणसासारखं बघा. धारेलगत निळसर झाक दिसली तर वस्तरा कधीतरी सायकलवरच्या धारवाल्याच्या चाकाला लागलाय. घासताना पोलाद तापतं. पिवळसर होतं तोवर ठीक, ३०० अंशांच्या आसपास निळं पडलं की तेवढा भाग मऊ झाला. तिथं पुन्हा टिकाऊ धार येत नाही. ठेवण्यासाठी घ्या, दाढीसाठी नको. आणि चुंबकाला चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही, असं बाजारात जे सांगतात ते सोडून द्या. वस्तऱ्याचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं.

वय ओळखायचं ते मुठीत शिरण्याआधीच्या जाड भागावरच्या छापावरून. अमेरिकेनं १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव मागितलं, म्हणून 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असा छाप असलेला नग बहुधा त्यानंतरचा. 'कास्ट स्टील' वाचून हुरळू नका. मुशीत वितळवलेलं पोलाद शेफील्डला अठराव्या शतकापासून होतं आणि तो शब्द पुढं कितीतरी वर्षं छापला गेला. 'स्टेनलेस' किंवा 'रोस्टफ्राय' (त्याचंच जर्मन नाव) असेल तर पातं १९१३ च्या आधीचं नाही. तारा आणि माल्टा क्रूस म्हणजे शेफील्डचे जोसेफ रॉजर्स, जुळी माणसं म्हणजे सोलिंगेनचे हेंकेल्स. जाड, पाचरीसारखं पातं सहसा जुनं. दोन्ही अंगांनी खोलगट घासलेलं पातळ पातं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं रुळलं. रुंदी इंचाच्या आठव्या भागात मोजतात, पाच किंवा सहा भाग नेहमीचे. सात-आठ भागांचा रुंद नग दिसला तर खिशाकडं बघून ठरवा.

मुठी बहुधा शिंगाच्या, हाडाच्या, सेल्युलॉइडच्या. हस्तिदंत किंवा कासवाची पाठ असेल तर हात आखडा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे आणि हस्तिदंताचा व्यापार बेकायदा आहे. 'आजोबांच्या काळचा' म्हटल्यानं ती खरेदी कायदेशीर होत नाही. मला स्वतःला सगळ्यात आवडते ती तुटलेल्या मुठीच्या जागी गावच्या सुतारानं बसवलेली बाभळीची मूठ, खिळ्याऐवजी तांब्याची तार. विलायती संग्राहक असला नग 'बिघडलेला' म्हणून बाजूला सारतात. सारू द्या. ती मूठ काढून नवी बसवू नका.

साफसफाई कमीत कमी करा. कोमट साबणपाण्यानं धुवा, लगेच कोरडं करा, पातं सर्जिकल स्पिरिटनं पुसा. स्पिरिट मुठीला लागू देऊ नका. लाल गंज असेल तेवढ्याच जागी तेल लावून सगळ्यात बारीक स्टीलवूल हलक्या हातानं फिरवा. काळपट थर राहू द्या, तो पोलादाला सांभाळतो. सोन्याचं पाणी दिलेली अक्षरं असतील तिथं पॉलिश नकोच. बफिंगच्या चाकावर चकाचक केलेला वस्तरा माझ्या ट्रंकेत येत नाही. छापाच्या कडा जातात आणि पातळ पातं तापतंही.

आपल्याकडं ठेवायचं कोडं दुहेरी आहे. मे महिन्यात पत्र्याखालची हवा शिंग तडकवते, जुलैत तोच पत्रा ठिबकतो. पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा हात, शिंगाला अधूनमधून थोडं तेल, वर सुती कापड, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या. चामड्याच्या पाकिटात ठेवू नका, ते ओल धरतं. सेल्युलॉइड मुठीचे नग मात्र वेगळ्या डब्यात, झाकण हवाबंद न लावता. ही मूठ कुजायला लागली की आम्लाची वाफ सोडते आणि शेजारचीही पाती खाते. शिवाय ती पटकन पेटते. मुठीला तिखट वास आला किंवा पात्यावर अचानक गंज उठला तर नग त्याच दिवशी बाहेर काढा.

प्रत्येक वस्तऱ्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधा: गाव, कुणाच्या धोकटीतला, शेवटचा कधी चालला, निसणा आणि चामडी पट्टा सोबत मिळाला का. घरच्यांनी नाव लिहू नका म्हटलं तर फक्त गाव लिहा. परदेशातला कुणी अदलाबदल मागेल तेव्हा शंभर वर्षांपलीकडचा नग पाठवू नका, पुरावस्तू कायदा आडवा येतो. आणि नवा मिळालेला वस्तरा घेऊन विमानानं परतणार असाल तर तो चेक-इनच्या बॅगेत घाला, हातातल्या नाही.