पिसवांचा बंदोबस्त

गेल्या पावसाळ्यात आमच्या फोंड्याच्या घरात सर्वांच्या घोट्यांभोवती खाजरे लाल ठिपके उठू लागले, तेव्हा दोष मी डासांनाच दिला. मात्र कुत्र्याच्या केसांतून विंचरून काढलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाकताच तांबूस डाग पसरले. ती पचलेल्या रक्ताची, पिसवांची विष्ठा होती. पशुवैद्यांनी कुत्र्याला वजनानुसार गोळी दिली, आम्ही अंथरुणे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुतली आणि फटींतून रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. तरीही पंधरवड्याने नव्या पिसवा दिसल्या, कारण कोशातील पिसवांपर्यंत औषध सहसा पोहोचत नाही आणि हादरा किंवा ऊब लागताच त्या बाहेर पडतात. (कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिनयुक्त औषध मांजराला मुळीच लावू नये, ते त्याला विषारी ठरते.) सफाई आणखी दोन महिने चालवल्यावर चावे थांबले.