डॉमिनियनमधे पत्ते एकमेकांत अडकले की काय करायचं

मागच्या झडीत चार दिवस वावरात पाय टाकता येत नव्हता, मग ओसरीवर डॉमिनियन या पत्त्यांच्या गेमचा डाव मांडला, अन् त्यातल्या थ्रोन रूम या पत्त्यावरून पोट्ट्यांचा असा कल्ला झाला की आलूबोंडे गार झाले तरी कोणी हात लावला नाही. गेम २००८ चा आहे पण पत्त्यावरची इंग्रजी समजली तरी भांडण होतेच, म्हणून लिहून ठेवतो.

पत्ता वरून खाली वाचायचा, एक ओळ पूर्ण झाल्याशिवाय दुसरी नाही. जेवढं जमते तेवढं करायचं, बाकी सोडायचं. विच हा पत्ता समोरच्यांले कर्स, म्हणजे गुण कमी करणारा पत्ता, देते; कर्सचा ढीग संपला असेल तर विचनं कोणाले कर्स जात नाही, पण खेळणाऱ्याले २ पत्ते मिळतातच.

आता थ्रोन रूम. हातातला एक अ‍ॅक्शन पत्ता दोनदा, म्हणजे एकदा पूर्ण करून मग परत पहिल्या ओळीपासून. मिलिशिया (२ नाणे देते, अन् समोरच्यांले हातात ३ पत्ते ठेवून बाकी टाकायले लावते) घेतली तर नाणे २ अन् २ असे ४ होतात, पण समोरचे पहिल्याच वेळी ३ पत्त्यांवर आलेले असतात, दुसऱ्यांदा त्यांनी काही टाकायचं नाही. मनीलेंडर (हातातलं एक कॉपर, म्हणजे तांब्याच्या नाण्याचा पत्ता, बाद केला की ३ नाणे देतो) घेतला अन् हातात कॉपर एकच, तर ३ नाणे एकदाच, कारण दुसऱ्यांदा बाद करायले कॉपरच नाही.

थ्रोन रूमवर थ्रोन रूम टाकली की सगळे म्हणतात एक पत्ता चारदा. नाही भाऊ, दोन वेगळे पत्ते दोन-दोनदा. आधी व्हिलेज (दर वेळी १ पत्ता अन् २ अ‍ॅक्शन, म्हणजे अ‍ॅक्शन पत्ते टाकायच्या २ संधी, देते) निवडली, दोनदा खेळली, त्यात स्मिदी (३ पत्ते देते) हाती आली, तर आता तीच निवडा अन् ६ पत्ते ओढा. अ‍ॅक्शन खर्च झाली फक्त पहिल्या थ्रोन रूमची, म्हणून व्हिलेजच्या चारही अ‍ॅक्शन शिल्लक राहतात, हे मी स्वतः कितीतरी दिवस चुकीचं मोजत होतो.

मोट हा समोरच्याच्या हल्ल्यापासून, म्हणजे विच, मिलिशिया असल्या पत्त्यांपासून, वाचवणारा पत्ता; तो फक्त दाखवायचा, टाकायचा नाही, हातातच राहते. विच दोनदा आली तर दोन्ही वेळा दाखवा.

अन् पत्ते ओढताना गड्डी संपली, तर आहे तेवढे घ्या, टाकलेले पिसा, मग उरलेले घ्या. समोर मांडलेली स्मिदी त्यात मिसळायची नाही, ती पाळी संपेपर्यंत तिथंच.