सांबा आणि बोसा नोव्हा: ऐकायला सुरुवात कुठून करावी

ब्राझीलच्या बोसा नोव्हा या संगीतप्रकाराकडे वळणारे बहुतेक श्रोते १९६४ सालच्या ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ या ध्वनिमुद्रिकेपासून सुरुवात करतात. ती सुंदरच आहे; पण माझ्या मते आधी सांबा हा तिथलाच जुना, बोसा नोव्हाच्या मुळाशी असलेला प्रकार ऐकावा, आणि त्यातही आधी ढोल, कारण बोसा नोव्हाच्या गिटारमध्ये काय चालले आहे ते त्या ढोलावाचून नीट उमगत नाही. शिमग्यात पालखीपुढचे ढोल ऐकत वाढलेल्या कोकणी कानाला हे मुळीच जड नाही.

बाहिया प्रांतातून रिओ दि जानेरोत येऊन स्थिरावलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या गाण्याबजावण्यातून विसाव्या शतकाच्या आरंभी शहरी सांबा घडत गेला. त्याचा पाया म्हणजे ‘सुर्दो’ हा मोठा, खर्जातला ढोल. दोन मात्रांच्या ठेक्यात त्याचा सर्वांत भारी ठोका पहिल्या मात्रेवर नव्हे, तर दुसऱ्या मात्रेवर पडतो. आपला कान समेवर वजन शोधत असल्यामुळे इथे तो हमखास अडखळतो. म्हणून तोंडाने ‘एक-दोन’ मोजत ‘एक’ला हलकी टाळी द्यावी आणि ‘दोन’ला मांडीवर जोराने थाप मारावी; दोन-तीन गाण्यांत हात आपोआप बसतो. मोबाइलच्या स्पीकरमधून सुर्दो जवळजवळ ऐकूच येत नाही, तेव्हा चांगला हेडफोन हवाच. ठेका बसला की त्यावरची झांजांची खंजिरी, म्हणजे पांदेइरो, आणि चार तारांचे चिमुकले काव्हाकिन्यो वेगवेगळे ओळखता येऊ लागतात.

मग बोसा नोव्हाकडे वळून १९५८ साली गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो यांनी गायलेले ‘शेगा दि सौदाजी’ हे गाणे ऐकावे. चाल टॉम जोबीम यांची, शब्द विनिसियस दि मोराइस यांचे. पहिल्या खेपेस फक्त गिटारकडे लक्ष द्यावे: अंगठा खर्जाच्या तारांवर सुर्दोची चाल धरतो, तर उरलेली बोटे एकत्र तारा छेडत तांबोरीम या छोट्या वाद्याचे तुटक, आडवे ठोके वाजवतात. सांबाच्या ढोलांची एवढी मोठी मिरवणूक एका माणसाच्या उजव्या हातात मावते, हे मला आजही विलक्षण वाटते. दुसऱ्या खेपेस आवाज ऐकावा. तो जवळजवळ बोलल्यासारखा, कंप नसलेला आहे आणि गिटारच्या कधी किंचित पुढे, कधी मागे राहतो. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असताना हे बारकावे हाती लागणार नाहीत. त्यासाठी निवांत रात्र राखून ठेवावी.

त्यानंतर सांबाकडे परतून गायक-गीतकार कार्तोला यांना ऐकावे. मांगेइरा या रिओतल्या नामांकित सांबा शाळेच्या, म्हणजे कार्निव्हालच्या मिरवणुकीत वाजवणाऱ्या-नाचणाऱ्या मंडळाच्या, संस्थापकांपैकी ते एक. त्यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका मात्र पासष्टीत, १९७४ साली निघाली. त्यांचा सांबा संथ आणि हळवा आहे, आणि सांबा म्हणजे केवळ कार्निव्हालचा जल्लोष हा समज तो पुसून टाकतो. जमल्यास वाडीतल्या भजनी मंडळाच्या मृदंगवाल्यांना सोबत बसवून ऐकावे आणि त्यांचा हात कोणत्या मात्रेवर पडतो ते पाहावे. आपण मोजून मोजून शोधतो ती जागा त्यांना फार लवकर सापडते.