नव्या रीफ टँकमधलं शेवाळ: माझा अनुभव

रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या मत्स्यालयात, खारं पाणी भरून पाचवा आठवडा. पांढऱ्या वाळूवर आधी तपकिरी साय धरली, मग खडकांवर हिरवे केस उगवले. ओढले की तुटायचे, बुडखा मात्र खडकालाच चिकटलेला.

साय म्हणजे डायटम, एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. त्याला लागणारं पाण्यातलं सिलिकेट संपलं की ती आपोआप ओसरते, म्हणून तिला हात लावला नाही. हिरव्याचं कारण शोधायला मात्र पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवला. मीठ कालवण्याआधीचं आरओचं पाणीच 38! पिण्याचा आरओ इथे पुरत नाही. पुढे उरलेले क्षार काढणारा डीआय रेझिनचा फिल्टर जोडला, तेव्हा आकडा 0 वर आला.

दिवे दहा तासांवरून सहावर आणले. गोठवलेलं खाद्य चाळणीत धुऊनच द्यायला लागलो, त्याच्या रसातही शेवाळाला खत ठरणारं फॉस्फेट असतं. दर रविवारी टूथब्रशने खडक घासायचे, सुटलेले धागे नळीने ओढून घेत 10 टक्के पाणी बदलायचं. शेवाळ खाणाऱ्या चार टर्बो गोगलगायी सोडल्या. रात्री टॉर्च मारला की त्यांच्यामागे काचेवर लख्ख पट्टा दिसायचा.

आणि हो, फॉस्फेटची चाचणी 0 दाखवत असताना शेवाळ वाढतच होतं, कारण पाण्यात आलेलं फॉस्फेट तेच पिऊन टाकतं. नुसत्या आकड्यावर विसंबू नका.

सात आठवड्यांनी घासलेल्या खडकावर पहिला जांभळा ठिपका दिसला. कोरलाइन, म्हणजे रीफ टँकमध्ये हवंहवंसं वाटणारं कडक जांभळं शेवाळ! बायकोला हाक मारून दाखवला.