ड्रोनचे सेन्सर आणि वावरातल्या तारा: अडथळा टाळण्याची सोय कशी वापरावी

लग्नाचं शूट, संत्र्याच्या बागेची पाहणी, पुराने खरडून गेलेल्या शेताचा व्हिडिओ... विदर्भात कॅमेरा ड्रोन आता गावोगावी दिसतो. ‘सेन्सरवाला आहे, धडकत नाही,’ असं विकणारा सांगतो. झाड, भिंत, घराचं छप्पर सेन्सर बऱ्यापैकी ओळखतो. बारीक तार मात्र बहुतेक वेळा त्याच्या नजरेतून सुटते, आणि वावरात तारांना तोटा नाही.

१. मशीनला कोणत्या बाजूने दिसतं ते पाहा

डीजेआय कंपनीचं मिनी ३ किंवा मिनी ४के असेल तर सेन्सर फक्त खालच्या बाजूला आहे. समोरचं झाड त्याला दिसतच नाही. मिनी ३ प्रोला समोर, मागे आणि खाली दिसतं, बाजूंना नाही. मिनी ४ प्रोला सगळ्या बाजूंनी दिसतं. नवरा-नवरीपासून मागे मागे जाणारा शॉट लग्नाच्या व्हिडिओत हमखास लागतो, आणि मागे सेन्सर नसलेलं मशीन त्याच शॉटमध्ये लिंबाच्या फांदीत घुसतं. तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी असल्याने सेकंडहँड मशीनचा व्यवहार बराच चालतो. असं मशीन घेताना सेन्सरच्या काचांवर ओरखडे आहेत का ते उन्हात धरून बघा. ॲपमध्ये व्हिजन सेन्सरची एरर येत असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरची पुन्हा जुळणी, करून मागा.

२. उडवण्याआधी वावर पायी फिरा

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण माझ्या मते बाकीच्या सगळ्या पायऱ्यांपेक्षा हिचंच मोल जास्त. दोन कॅमेऱ्यांच्या चित्रांतला फरक मोजून ड्रोन अंतर काढतो. आकाशाच्या पार्श्वभूमीवरची बारीक तार त्या चित्रात जेमतेम उमटते. निष्पर्ण बाभळीच्या काटक्यांचंही तेच.

म्हणून तारा शोधत बसू नका, खांब शोधा. डीपीपासून सुरुवात करा आणि तिथून लाइन कोणत्या विहिरीकडे, कोणत्या मोटारीकडे गेली ते बघत चला. धुऱ्यावरच्या बाभळीत अर्धा खांब लपलेला असतो. खांबाला जमिनीपर्यंत दिलेली ताणाची तार आणि कोणी बांबूवर टेकवून नेलेली केबलही नजरेत ठेवा. रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनची तार कमरेएवढी असते, उतरताना तिचाच धोका.

लाइन ओलांडायचीच असेल तर मधोमध ओलांडू नका. खांबाच्या बरोब्बर वरून, भरपूर उंची ठेवून जा, कारण खांब तुम्हाला दिसतो. कोराडी, चंद्रपूरकडून येणाऱ्या उच्चदाबाच्या मनोऱ्यांवर सगळ्यात वर आणखी एक बारीक तार असते, विजेच्या तारांपेक्षाही पातळ. खालच्या जाड तारा बघून ‘वरून निघून जाईल’ असा अंदाज बांधणारे तिथे फसतात. अशा लाइनच्या जवळ जाऊच नका.

३. सेटिंग: ‘ब्रेक’ की ‘बायपास’?

ड्रोन चालवायच्या डीजेआय फ्लाय ॲपमध्ये सेफ्टीखाली हा पर्याय मिळतो. ब्रेकवर ठेवलं तर ड्रोन अडथळ्यापुढे थांबतो. बायपासवर ठेवलं तर स्वतःच बाजूने किंवा वरून वाट काढतो. वावरात ब्रेकच ठेवा. झाड चुकवताना मशीन कुठे वळेल ते तुमच्या हातात राहत नाही, आणि वळलं त्या बाजूला तार असू शकते. अडथळा कोणत्या बाजूला आहे ते स्क्रीनवर दाखवणारा रडार मॅपही चालू ठेवा. आणि वेगात उडवायचा स्पोर्ट मोड? त्यात अडथळा टाळण्याची सोय बंदच होते. घाईत बटण तिकडे सरकलं नाही ना, ते उड्डाणाआधी एकदा बघाच.

४. ओळखीच्या झाडावर चाचणी घ्या

मऊ कापडाने सेन्सर पुसा. खळ्यावरची धूळ आणि कापसाचे तंतू तिथे चिकटतात. ताडपत्री किंवा कडक जमिनीवरून उडवा. मग दाट पानांच्या एखाद्या कडुनिंबापासून पंधरा मीटर अंतरावर, चार-पाच मीटर उंचीवर थांबा आणि अगदी हळू पुढे न्या. किती अंतरावर थांबतो ते लक्षात ठेवा. थांबत नाही असं वाटलं की लगेच स्टिक सोडा. वेग आणि वारा वाढला की थांबायला जास्त जागा लागते.

५. सेन्सर कुठे फसतो

दिवेलागणीला उजेड कमी झाला की सेन्सर काम करेनासे होतात. ॲप इशारा देतं, तो आला की उतरवा. सूर्य समोर आणि क्षितिजाजवळ असेल तेव्हाही भरवसा ठेवू नका. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत साचलेलं पाणी किंवा शेततळ्याचा गुळगुळीत प्लास्टिक कागद खालच्या सेन्सरला गोंधळवतो. मशीन भरकटतं किंवा आपोआप खाली येतं, म्हणून अशा जागी चार-पाच मीटरच्या वरच राहा. मे महिन्यात ऊन ४५ अंशांवर जातं आणि अशा अनेक ड्रोनची मर्यादा ४० अंशांची असते. सकाळीच काम उरका.

६. परतीची उंची

रिटर्न टू होमची, म्हणजे ड्रोन आपोआप परत येतो तेव्हाची, उंची परिसरातल्या सगळ्यात उंच वस्तूपेक्षा जास्त ठेवा. मनोरे ४०-५० मीटरचेही असतात. झाडांखालून उडवत असाल तर मात्र ‘सिग्नल तुटल्यास’ या पर्यायात होव्हर, म्हणजे आहे तिथेच थांबणं, निवडा. नाहीतर सिग्नल जाताच मशीन सरळ वर उठेल आणि ज्याला वरचा सेन्सर नाही ते आंब्याच्या फांद्यांत अडकेल.

उड्डाणाची जागा ग्रीन झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं अशा भागात, आहे का ते सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर तपासा. तिथेही साधारण कमाल उंची १२० मीटर, म्हणजे ४०० फूट. विमानतळाजवळ त्याहूनही कमी. ताडोबा, मेळघाट, पेंचमध्ये परवानगीशिवाय ड्रोन काढूच नका.

आणि तारेत अडकलाच तर

बांबूने काढायला जाऊ नका, पोरांनाही चढू देऊ नका. लाइन बंद वाटली तरी तिच्यात वीज आहे असंच धरा. १९१२ या वीज तक्रारीच्या नंबरवर किंवा गावच्या लाइनमनला फोन करा आणि तो येईपर्यंत खांबाखाली कोणाला उभं राहू देऊ नका.