भाच्याच्या रायफलीला गेज लावायच्या आधी

आमचा भाचा टेक्सासला असतो, त्यानं बोल्ट ॲक्शन रायफलीला घरीच नवीन बॅरल बसवायचं काढलंय, ३०८ विंचेस्टर ह्या काडतुसाचं, आणि हेडस्पेस कसा चेक करू म्हणून मला विचारतोय. बोल्ट म्हणजे बॅरल मागनं बंद करणारा दांडा, चेंबर म्हणजे बॅरलच्या मागची काडतूस बसायची पोकळी, आणि हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये जिथं टेकतं तिथपर्यंतचं अंतर. रायफल हा काय माझा धंदा नाही, पण शिरोली एमआयडीसीत गेजरूममध्ये बसणाऱ्या माणसाला गो (ज्यावर लागलं पाहिजे तो गेज) आणि नोगो (ज्यावर लागता कामा नये तो) कुणी शिकवायला लागत नाही, म्हणून त्याच्यासाठी लिहिलंय.

सोन्या, आधी कागदाचं बघ. तुझं ग्रीन कार्ड झालंय म्हणून बरं, नुसत्या एच-वन व्हिसावर असतास तर हंटिंग लायसन्ससारखी एखादी सूट असल्याशिवाय तिथल्या फेडरल कायद्यानं बंदूक जवळ ठेवणंच गुन्हा, आपल्या बऱ्याच पोरांना हे माहीतच नसतं. शिवाय राज्याराज्याचे नियम वेगळे, तुझ्या राज्याचे तू वाच. आणि हे वाचून इकडं उद्यमनगरात कुणी लेथ चालू करू नका रे, आपल्याकडं १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली बंदूक बनवायलाच नाही तर रिपेअर आणि टेस्ट करायला पण लायसन्स लागतं.

आता गेज मागवायचं. गो आणि नोगो दोन्ही एकाच कंपनीचे घे, एक इकडचा एक तिकडचा असं करू नको, दोघांच्या टॉलरन्समध्ये फरक पडला की तुला खरं कोण तेच कळणार नाही. अमेरिकेतल्या सामी ह्या संस्थेच्या मापात ३०८ चा गो १.६३० इंच आणि नोगो १.६३४, म्हणजे मधी फक्त चार थाउ (इंचाचे हजारावे भाग), आपल्या भाषेत शंभर मायक्रॉन. फील्ड गेज म्हणून तिसरा असतो, १.६३८ चा, तो वापरून झिजलेल्या जुन्या रायफली अजून चालतील का हे बघायला. तुझं बॅरल नवीन आहे, तुला फील्डचा आधार घ्यायचा नाही, नवीन कामाला नोगोलाच थांबायला पाहिजे. बॅरलवर काय ठोकलंय ते भिंग घेऊन वाच, कारण ७.६२ बाय ५१ नेटो दिसायला ३०८ सारखंच असलं तरी त्याच्या चेंबरचं माप मोठं असतं आणि त्याचे गेज वेगळे. माप घेतात ते बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या खांद्यावर जिथं व्यास ०.४०० इंच येतो तिथपर्यंत, आणि हे सगळ्या काडतुसांना लागू नाही, जुन्या ३०३ ला मागं रिम असते, तिथं हेडस्पेस रिमवरनं धरतात.

टेबलावर बसायच्या आधी काडतुसं त्या खोलीतनं बाहेर. सगळी. चेंबर रिकामं आहे हे डोळ्यानं बघ आणि मग बोट घालून पण बघ. आणि गेज यायला उशीर झाला म्हणून खरं काडतूस घालून बोल्ट लागतोय का बघणं हा प्रकार करायचाच नाही, काडतूस हा गेज नाही, त्याचं माप कंपनीगणिक हलतं आणि वर ते जिवंत आहे.

ह्याच्या पुढचं काम लोक सगळ्यात जास्त टाळतात आणि मला विचारशील तर निम्म्याहून जास्त चेकिंग हेच आहे, ते म्हणजे बोल्ट उघडणं. फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग काढ, नाहीतर बोल्ट खाली करताना जो जोर लागतो तो स्प्रिंगचा का गेजचा हे हाताला कळतच नाही. इजेक्टर काढ, ती स्प्रिंगवरची छोटी पिन गेजच्या बुडाला एका बाजूनं ढकलत राहते, गेज तिरका बसतो, आणि तू म्हणणार हेडस्पेस कमी आलाय. एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे केस बाहेर ओढणारा आकडा, तो पण काढ, काही गेजना त्याच्यासाठी खाच दिलेली असते पण काढलेला बरा. मग रिकामा बोल्ट गेज न घालता पुढं ढकल, हँडल आपल्या वजनानं खाली पडायला पाहिजे. पडत नसेल तर आधी ते कशात अडकतंय ते शोध, गेज डब्यातच राहू दे.

साफसफाई आता. चेंबरमध्ये बर (कापताना कडेला राहिलेली धातूची कूस), बारीक चिप, ग्रीस, कापडाचा धागा काही म्हणजे काही नको, बोल्टच्या तोंडावर पण नको आणि लगच्या, म्हणजे बोल्ट अडकवून धरणाऱ्या दातांच्या, मागं पण नको. शंभर मायक्रॉनचा खेळ आहे, चिकटलेला एक कण तुझा नोगो पास करून देईल. म्हणजे कसं, खराब हेडस्पेस घाणीमुळं चांगला दिसतो, आणि हा उलटा दोष पटकन लक्षात येत नाही. गेज पण पुसून घे, त्याला गंज लागू नये म्हणून तेल लावून पाठवलेलं असतं. रायफल आणि गेज रात्रभर एकाच खोलीत ठेव, दोन्ही स्टीलच आहेत, बरोबरच फुगतात बरोबरच आकसतात, पण एक तापलेल्या गॅरेजमध्ये आणि एक एसीत असं नको.

गेज घालताना बोल्ट दोन बोटांनी धरायचा. तिथं कॅमचा कल असतो, तो हँडलला एवढी ताकद देतो की जबरदस्तीनं नोगोवर पण लावशील आणि वर गेजचा खांदा, लग सगळ्यावर ओरखडे. गो घातल्यावर हँडल आरामात पूर्ण खाली. नोगोवर मधीच थांबलं पाहिजे. गोवर लागत नसेल तर चेंबर कमी आहे, नोगोवर लागत असेल तर जास्त आहे, आणि दोन्ही बाबतीत पुढचं काम गनस्मिथचं, तुझं नाही. मधे कुठं बसलंय हे बघायचं असेल तर गोच्या बुडाला सेलोटेपचा एक थर लाव, साधारण दोन थाउ असतो, पण अंदाजावर जाऊ नको, मायक्रोमीटरवर मोजून घे. बॅरल नटवालं असेल तर नट पूर्ण आवळल्यावर परत सगळं चेक कर, आवळताना बॅरल थोडं सरकतं. आणि ज्या बोल्टवर चेक केलंस तोच बोल्ट त्या बॅरलचा, उद्या दुसरा बोल्ट घातलास की सगळं पहिल्यापासून.

एवढं कशाला म्हणशील, तर ३०८ चं प्रेशर सामीच्या मर्यादेत ६२,००० पीएसआयपर्यंत जातं, ट्रकच्या टायरात शंभर-सव्वाशे असतं. जागा जास्त राहिली की पितळेचं केस ताणतं, बुडाच्या थोडं वर फाटतं, आणि गरम गॅस मागं तुझ्या तोंडाकडं येतो. म्हणून गेज पास झाला तरी एकदा गनस्मिथकडनं बघून घे, पहिल्या फायरिंगची रिकामी केसं फेकू नको आणि बुडाच्या वर चकचकीत गोल रेघ दिसते का बघ. वाकवलेली पेपरक्लिप आतनं फिरवून खड्डा लागतोय का बघ. लागला तर त्या रायफलीतनं पुढचा बार नाही.